दुखतंय तिथं बोट ठेवा

"पाचवी ओळ खोटी आहे."

"आई, हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"असू दे उघडी. पाचवी खोटी, सहावी खोटी आणि शेवटी जे काय लिहिलंयस ते तर..."

"ओळी मोजल्यास तू?"

"न मोजून काय करते! सरांनी तुझी अनुभववही दोनदा वाचली. एकदा तुमच्या वर्गाला, एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यांना. मी तिथंच उभी, हातात ट्रे. टाळ्या काय, कौतुक काय! सर म्हणाले, 'शोभते हो मावशींची मुलगी.' सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी काय करायचं होतं? टाळ्या वाजवायच्या होत्या?"

"हात रिकामे नव्हते ना तुझे? सुटलीस मग."

एरवी ह्यावर आई हसली असती. ह्या घरातली भांडणं अशीच मिटायची. दोघींपैकी एक काहीतरी वाकडं बोलायची आणि दुसरी हसू आवरता न आल्यामुळे हरायची. आज आईनं सुरी फळीवर ठेवली, कांदा अर्धा तसाच सोडला आणि हात टॉवेलला पुसले.

"'मी म्हटलं, काका, दुखतंय तिथं बोट ठेवा. त्यांनी थरथरतं बोट दाढेवर ठेवलं. त्या क्षणी मला कळलं, उपचार दाताचा नसतो, माणसाचा असतो.'" आईनं सरांच्या आवाजात म्हणून दाखवलं, सर घेतात तिथं तिथं श्वास घेत. "कुणी ठेवलं बोट? कधी ठेवलं? मी त्या खुर्चीला चिकटून उभी होते."

"होतीस ना?" मुलगी उठून उभी राहिली. "चिकटून उभी होतीस ना? मग तू का नाही विचारलंस?"

आईनं टॉवेल घडी करून ओट्यावर ठेवला.

"एकतीस वर्षं येईल त्याला विचारतेस. पेशंटनं बोट ठेवल्याशिवाय कुणा डॉक्टरला दात काढायचा चिमटा देत नाहीस. प्राध्यापकांनासुद्धा नाही. त्या दिवशीच काय झालं?"

"तू म्हणाली होतीस, इथं मला टोकायचं नाही."

"टोकू नकोस म्हणाले होते. मुकी हो नव्हते म्हणाले."

शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओचा आवाज कमी केला. आईनं जाऊन खिडकी लावली.

*

तिला दवाखान्यात सगळे बोटमावशी म्हणत. तोंडावर मावशी, पाठीमागे बोटमावशी, आणि पास होऊन गेलेली मुलं वर्षांनी भेटायला आली की तोंडावरही बोटमावशीच. तिला ते आवडायचं. दातांच्या कॉलेजला लागून असलेल्या त्या दवाखान्यात, दात काढायच्या विभागात, आठ खुर्च्यांमध्ये तिची सगळी नोकरी गेली. कागदोपत्री ती सहायक. काम म्हणजे ट्रे लावायचा, दिवा वळवायचा, तोंडातली लाळ आणि रक्त ओढणारी नळी धरायची, कापूस द्यायचा, हनुवटीला आधार द्यायचा. कागदावर नसलेलं काम म्हणजे डॉक्टर घडवायचे.

हे ती स्वतः कधी म्हणाली नसती. पण पहिल्यांदा त्या विभागात पाऊल टाकणारं पोर कसं असतं ते तिलाच माहीत. पुस्तक तोंडपाठ, आणि हात भिजलेल्या पानासारखे. कुठला चिमटा घ्यायचा हे आठवत नसायचं. मावशी ट्रेमधला बरोबर चिमटा अलगद वळवून त्याची मूठ पोराच्या बाजूला करायची. सरांना कळायचंही नाही. हात फारच कापायला लागला तर ती अदबीनं म्हणायची, "डॉक्टर, खुर्ची जरा खाली घेऊ का?" खुर्ची खाली जायला आणि परत वर यायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस दोन श्वास घेतो. पाचेक वर्षांनी एखाद्या डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडायचा, आणि तो मुद्दाम सांगायला यायचा, "मावशी, ती खुर्ची खाली घ्यायची गरजच नव्हती!"

"नव्हतीच," ती म्हणायची. "पण तुम्ही पडला असता."

आणखी एक गोष्ट ती शिकवायची. "पेशंटच्या पायांकडे बघत जा. तोंड म्हणतं, दुखत नाही. पायाचे अंगठे खोटं बोलत नाहीत." मग मुलं चोरून बुटांकडे बघायला शिकायची.

पण तिचा खरा नियम एकच. दात काढायच्या आधी पेशंटनं आपलं बोट दुखऱ्या दातावर ठेवायचं, डॉक्टरनं त्याच दाताला छोट्या आरशाची दांडी लावून "हाच ना?" असं मोठ्यानं विचारायचं आणि पेशंटनं मान हलवायची. मग मावशी चिमटा देणार. केसपेपर काही म्हणो, एक्सरे काही म्हणो. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात, ती सव्वीस वर्षांची असताना, तिच्यासमोर एका शिकाऊ डॉक्टरनं एका बाईचा भलताच दात काढला होता. कुणी काही बोललं नाही. त्या बाईनं तोंडावर रुमाल दाबून सगळ्यांचे आभार मानले, अगदी हिचेसुद्धा, आणि गेली. ते आभार मावशीच्या अंगाला जे चिकटले ते चिकटले. दुसऱ्या दिवसापासून ती बोट ठेवायला सांगायला लागली. आधी लोक हसले, मग सवय झाली, मग तो विभागाचा कायदा झाला.

नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती शाळेनंतर दवाखान्यातच यायची. गळ्यात घराची किल्ली, हातात प्लॅस्टरचे दात. मोडलेल्या साच्यांतल्या दाढा ओळीनं मांडून ती त्यांची शाळा भरवायची. "सुळे, तू मागे बस. पुढे काही दिसत नाही तुझ्यामुळे." डॉक्टर मुलं जाता-येता तिच्या शाळेला भेट द्यायची. किल्ली तिनं तीन वेळा हरवली आणि तिन्ही वेळा दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या चावीवाल्यांनी नवी करून दिली. तिसऱ्या वेळी त्यांनी किल्लीला पिवळी पट्टी लावली. म्हणाले, "ताई, आता ही हरवली तर कुलूप बदला. पोरगी बदलता येणार नाही."

पोरगी त्याच कॉलेजात डॉक्टर व्हायला आली. पहिल्या दिवशी आईनं पांढरा कोट इस्त्री करून दिला, इतकी कडक की मुलगी म्हणाली, "हा कोट आपोआप चालत जाईल." दोघी हसल्या. आणि दारात थांबून मुलगी म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नकोस. तिथं मला टोकायचं नाही. मुली म्हणतात, हिला काय, हिची आई आहे. तिथं तू मावशी आणि मी विद्यार्थिनी. चालेल ना?"

"चालेल की, डॉक्टर," आई म्हणाली.

त्या दिवसापासून दवाखान्यात ती लेकीला डॉक्टर म्हणायची. घरी यायला दोघी निघायच्या वेगवेगळ्या वेळी.

*

चावीवाल्यांना आता सत्तरी आली होती. उजवीकडची खालची दाढ ठणकत होती. कवळीच्या विभागात त्यांनी दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं, दुखरी काढायची, सर्वांत मागची राखायची आणि त्या मागच्या दाढेला तारेची आकडी अडकवून अर्धी कवळी बसवायची. डावीकडे वरचे दात नव्हतेच. म्हणजे काय खायचं ते उजवीकडूनच. मागची ती एक दाढ म्हणजे सगळ्या कवळीची खुंटी.

"काढायची तर आपल्या पोरीच्या हातानं काढायची," म्हणून ते हटून बसले. दोन तास थांबले, दुसऱ्या कुणाच्या खुर्चीवर बसायला तयार होईनात.

आता चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण अशी चूक दातवाल्यांच्याच हातून होऊ शकते. दात मोजायचे ते मधून मागे. पुढचा पहिला, मग दुसरा, असे आठपर्यंत. केसपेपरवर लिहिलं होतं, सातवी काढावी. चावीवाल्यांची सहावी दाढ वीस वर्षांपूर्वीच गेलेली. ती जागा रिकामी राहिली नव्हती. मागच्या दोघी हळूहळू पुढे सरकून त्या जागेवर येऊन बसल्या होत्या. वरून दोघी सारख्याच दिसत, दोघींवर जुनं फिलिंग. मुलीनं मोजलं. पाच, सहा, सात. ती सात नव्हती. ती आठवी होती, राखायची होती ती. एक्सरे डोक्याच्या वर, भिंतीवरच्या पट्टीत अडकवलेला होता. बाहेर रांग होती, विभागाचे सर तीन नंबरच्या खुर्चीपाशी होते. तिनं आकडा बघितला, फोटो बघितला नाही.

आणि मावशीनं बोट ठेवायला सांगितलं नाही.

जिभेवर आलं होतं. पण शेजारच्या खुर्चीवर मुलीच्या दोन मैत्रिणी होत्या. मावशीला दारातलं ते "मला टोकायचं नाही" आठवलं, आणि तिनं चिमटा दिला.

निरोगी दाढ सहजासहजी येत नाही. हाड तिला सोडत नाही. मुलगी जोर लावत होती आणि मावशी ऐकत होती. एकतीस वर्षांत किडक्या दाढेचा आवाज आणि चांगल्या दाढेचा आवाज तिला पाठ झाला होता. तिनं चावीवाल्यांच्या पायांकडे पाहिलं. चपलांमधले अंगठे वर ताणले गेले होते. तेव्हासुद्धा ती थांब म्हणू शकली असती.

दाढ बाहेर आली. मुळं शाबूत, खाली कीड नाही, काही नाही. मुलीनं वर एक्सरेकडे बघितलं. मग मास्कवरून आईकडे बघितलं. मास्क लावलेल्या माणसाचे फक्त डोळे दिसतात, आणि चार वर्षांची असताना किल्ली हरवून आलेल्या पोरीचे डोळे आईनं लगेच ओळखले.

मुलगी खाली वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, दोन्ही खराब होत्या. शेजारचीपण आताच काढून टाकूया, म्हणजे परत त्रास नको."

चावीवाल्यांनी मान हलवली. मुलीनं हात पुढे केला.

मावशीनं त्या हातात दुसऱ्यांदा चिमटा दिला.

जाताना चावीवाल्यांनी कापूस चावत मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मावशीला बोबड्या तोंडानं म्हणाले, "हात हलका आहे हो पोरीचा. कळलंसुद्धा नाही."

*

तीन वर्षांपूर्वी कॉलेजात नवा विषय आला होता, समग्र दंतशिक्षण. नवे सर आले होते, उत्साही, मनापासून शिकवणारे. म्हणायचे, हात तयार करून भागत नाही, माणूस तयार झाला पाहिजे. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकानं एक अनुभववही लिहायची. एक पेशंट घ्यायचा, काय घडलं, आपण काय शिकलो. पहिल्या पानावर सरांनी छापून घेतलं होतं, 'चुकलं असेल तर तेही लिहा.' पहिल्याच वर्षी एका मुलानं खरंच लिहिलं. चौकशी बसली, समितीपुढे त्याला उभं केलं आणि सहा महिने मागे ठेवलं. सर त्याच्या बाजूनं भांडले, पण उपयोग झाला नाही. छापलेली ओळ वहीवर तशीच राहिली. मुलं ती वाचायची आणि पान उलटायची.

ज्याची वही सर्वांत चांगली, त्यानं पदवीच्या दिवशी सगळ्यांच्या वतीनं शपथ वाचायची. ह्या वर्षी, पुढच्या शनिवारी, ती शपथ बोटमावशीची मुलगी वाचणार होती.

*

"एकदा बघ माझ्याकडे," खिडकी लावून झाल्यावर मुलगी म्हणाली. "मी काय मजेत लिहिलं का ते? मला ते तसंच व्हायला हवं होतं, आई. मी असंच करते. प्रत्येक वेळी करते. माझ्या सगळ्या पेशंटना विचार. एकदा नाही केलं."

"मग ते एकदाचं लिहायचं."

"आणि सहा महिने घालवायचे?"

"मी महिन्यांचं बोलत नाहीये. त्या माणसाचं बोलतेय. मंगळवारी कवळीचं माप द्यायला येतोय तो. आकडी कशाला अडकवणार? तुझ्या शपथेला?"

"त्यांना सांगतील, आता बसत नाही म्हणून. बऱ्याच जणांना बसत नाही."

"त्याला वाटेल, आपलंच तोंड असलं."

मुलगी खाली बसली. टेबलावर सांडलेली कांद्याची सालं गोळा करून त्यांची छोटीशी रास केली. "मी सांगितलं की पहिला प्रश्न काय विचारतील माहितेय? सहायक कोण होतं. तुझे नोकरीचे सात महिने राहिलेत."

"माझं जाऊ दे."

"आणि माझं?"

आईनं सुरी उचलली आणि उरलेला अर्धा कांदा चिरायला घेतला. फार बारीक चिरत होती. इतका बारीक कुणालाच नको होता.

"तू चावीवाल्यांना सांग," आई शेवटी म्हणाली. "समितीला नको. वहीत नको. फक्त त्यांना. खुर्चीवर बसून, तोंडासमोर तोंड. मी तुझ्या बाजूला उभी राहीन."

"आणि ते जाऊन तक्रार करतील."

"करतील. नाही तर नाही करणार. तो त्यांचा प्रश्न."

"तुला जमलं असतं?"

"मला कुठं जमलं?" आई म्हणाली. "दोनदा चिमटा दिला मी."

*

कोपरा टाळायचा म्हणून मावशी आठवडाभर ग्रंथालयामागच्या गल्लीतून येत-जात होती. सोमवारी त्या गल्लीत रस्ता खोदून ठेवलेला. नाइलाजानं कोपऱ्यावरून जावं लागलं. चावीवाले आपल्या टपरीत बसून टोस्ट चहात बुडवत होते. एक बुडवायचा, पार विरघळायला आला की तोंडात टाकायचा.

"ताई! रस्ता बदलला का काय? मला वाटलं, रिटायर झालात."

"कामं होती, दादा."

"बसा. बघा माझी गंमत. वरचे उरलेत उजवीकडे, खालचे उरलेत डावीकडे. दोघांची भेटच होत नाही." ते आपल्याच विनोदावर खदखदून हसले. मग गालावर हात फिरवला. "ठणका मात्र गेला हं. लेकीला सांगा. महिन्यात पहिल्यांदा नीट झोपलो."

"सांगते."

"उद्या माप. एकदा ती कवळी बसू दे. मग शेंगदाणे खाणार, भाजलेले. असे खाणार की कटकट आवाज तुमच्या आठ खुर्च्यांपर्यंत आला पाहिजे." त्यांनी टोस्टचा शेवटचा तुकडा बुडवला, तो तुटून कपात पडला. "गेला. वय झालं की सगळंच मऊ लागतं, नाही?"

मावशीनं मान हलवली. सांगायचं असतं तर ही वेळ होती. समोर गिऱ्हाईक नव्हतं, बाजूला कुणी नव्हतं. पण आपण बोललो तर मुलीला ते कधीच बोलता येणार नाही, असं तिला वाटलं. आणि हेही खरं, की तिला भीती वाटली. दोन्हीतलं जास्त खरं कुठलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

*

मंगळवारी सकाळी मुलगी घरून निघाली. दारात थांबून तिनं कोटाची बाही आईपुढे केली. बटण सैल झालं होतं. आईनं दोन टाके घातले, दोरा दातानं तोडला.

"बोलशील?" आईनं विचारलं.

"बघते," मुलगी म्हणाली. तेवढ्यावर आईनं दिवसभराची आशा बांधली.

कवळीचा विभाग दात काढायच्या विभागाला लागूनच, मध्ये एक सरकतं दार. अकरा वाजता चावीवाले आले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. खुर्चीवर बसले आणि बघतात तो काय, समोर नवे सर आणि मागे सात-आठ विद्यार्थी. सरांचा चेहरा फुललेला.

"हेच ते वहीतले काका," सर मुलांना म्हणाले. "काका, तुमच्यावर आमची मुलं शिकतायत हं. घाबरू नका, आज काही काढायचं नाही."

"काढायला उरलंय कुठं!" चावीवाले म्हणाले आणि मुलं हसली. त्यांची नजर गर्दीतून शोधत शोधत मुलीपाशी थांबली. त्यांनी हात उंचावला. मुलगी हसली. मास्क नव्हता, त्यामुळे ते हसू सगळ्यांना दिसलं.

"मावशींना बोलवा," सर म्हणाले. "मूळ पद्धत त्यांची आहे. मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू दे. आपण पुस्तकात काय शिकवतो त्याच्यापेक्षा हे मोठं आहे."

मावशी आली. ट्रे घेऊन आली, कारण ट्रेशिवाय हातांचं काय करायचं ते तिला कळलं नसतं.

"दाखवा, मावशी. त्या दिवशी जसं केलं तसंच."

मावशीनं ट्रे ठेवला. दिवा वळवला. खुर्ची थोडी खाली घेतली, परत वर आणली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "डॉक्टर, तुमचा पेशंट आहे. तुम्ही विचारता?"

किती सोपं होतं. एक पाऊल पुढे यायचं, स्टुलावर बसायचं, त्यांच्या डोळ्यांत बघायचं. चावीवाले तिच्याकडे बघत होते. सर बघत होते. मुलीचा एक हात कोटाच्या त्या नव्या बटणावर होता. ओठ हलल्यासारखे झाले. मावशीला वाटलं, आलं. आता आलं.

"तुम्हीच विचारा, मावशी," मुलगी म्हणाली.

मावशीनं स्टूल पुढे ओढलं. मग ती स्टुलावर बसली, चावीवाल्यांच्या उंचीला आली.

"दादा, दुखत होतं तिथं बोट ठेवा."

चावीवाल्यांनी तोंड उघडलं आणि बोट आत घातलं. हिरडीवर, पुढच्या खळग्यावर ठेवलं. "इथं," ते म्हणाले. "ह्याच जागी."

"छान," सर म्हणाले. "बघितलंत? आता..."

"आणि मागची?" मावशीनं विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, रोज आठ खुर्च्यांवर असतो तसा. "मागची दुखायची?"

बोट मागे सरकलं, दुसऱ्या खळग्यावर. चावीवाल्यांनी विचार केला. "ही? नाही हो. ही बिचारी कधी दुखलीच नाही. हिच्यावर तर सगळं चाललं होतं."

एका मुलानं भिंतीवरच्या पट्टीतल्या एक्सरेकडे मान वळवली. मग दुसऱ्यानं. सरांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, ते काढून घ्यायला ते विसरले होते.

"त्या दिवशी मी हे विचारलं नव्हतं, दादा," मावशी म्हणाली. "विचारायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं."

चावीवाल्यांना नीट कळलं नाही. त्यांनी मावशीकडे बघितलं, तिचे डोळे बघून गोंधळले आणि तिला धीर द्यायला म्हणून घाईघाईनं म्हणाले, "असू दे हो ताई, तुमचं काय त्यात! आतून किडली असेल, आपल्याला काय कळतं. पोरगी खोटं सांगेल का?" बोट तसंच तोंडात ठेवून ते मुलीकडे वळले. तिला सोडवण्यासाठी, तिच्या बाजूनं, हसत विचारलं, "किडली होती ना गं, पोरी?"

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. मग आईकडे. खिशात ठेवलेली शपथेची घडी केलेली प्रत तिनं काढली, आईच्या ट्रेवर, कापसाच्या बाजूला ठेवली, आणि मुलांमधून वाट काढत, सरकतं दार उघडून बाहेर निघून गेली.